अतिवाहक क्यूबिट आणि एकेका फोनॉनची मोजणी

स्पंद

अतिवाहक क्यूबिट (विरोधाशिवाय वीज वाहणाऱ्या धातूचे, दोन पुंजयामिक स्थिती असलेले सूक्ष्म मंडल) वापरून अतिसूक्ष्म यांत्रिक कंपने टिपता येतात, याविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते आणि त्यात क्यूबिट म्हणजे जणू एक कमालीचा संवेदनशील मायक्रोफोन, असे चित्र उभे केले जाते. हे चित्र मला दिशाभूल करणारे वाटते, म्हणून हा धागा काढत आहे. मायक्रोफोन त्याचा पडदा किती हलला ते सांगतो. क्यूबिटकडून मिळणारे उत्तर त्या जातीचे नसते. कंपनात ऊर्जेचे किती पुंज (क्वांटम, म्हणजे ऊर्जेचे अविभाज्य तुकडे) आहेत, एक आहे, दोन आहेत की एकही नाही, हे तो सांगतो. या फरकातूनच या विषयाचे सगळे सामर्थ्य आणि सगळ्या मर्यादा निघतात, असे माझे मत आहे.

कोणताही स्थितिस्थापक पदार्थ आपापल्या ठरावीक वारंवारतांनी कंप पावतो आणि पुंजयामिकीनुसार त्या कंपनाची ऊर्जा सलग न वाढता समान पायऱ्यांनी वाढते. एका पायरीची उंची प्लांकचा स्थिरांक गुणिले वारंवारता एवढी असते आणि त्या एका पायरीएवढ्या ऊर्जेला एक फोनॉन म्हणतात. ५ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या कंपकाची पायरी तापमानात मांडली तर सुमारे ०.२४ केल्विन भरते. खोलीच्या तापमानाला अशा कंपकात हजाराहून अधिक फोनॉन असतात आणि त्या गर्दीत एखादा आला काय, गेला काय, पत्ता लागत नाही. डायल्यूशन रेफ्रिजरेटरमध्ये, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जवळ नेणाऱ्या शीतकात, तोच कंपक २० मिलिकेल्विनपर्यंत थंड केला, तर त्यात सरासरीने दहा लाखांमागे सहा फोनॉन उरतात, म्हणजे व्यवहारात तो रिकामा असतो. त्याच तापमानाला अॅल्युमिनियम केव्हाच अतिवाहक झालेले असते, कारण त्याचे संक्रमण १.२ केल्विनच्या आसपास होते. त्यामुळे कंपक आणि क्यूबिट दोघांनाही एकच थंडी पुरते.

रिकाम्या कंपकात एक फोनॉन आला हे ओळखायचे कसे, इथे क्यूबिटची गरज लागते. साध्या विद्युत मंडलाच्याही ऊर्जापायऱ्या समान अंतरावर असतात, त्यामुळे ते कंपकाला जोडले तरी दोघांमध्ये नुसती आंदोलनाची देवाणघेवाण होते आणि पुंजांची मोजदाद कुठेच होत नाही. जोसेफसन संधी हे चित्र बदलते. अॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा पापुद्रा असतो, त्यातून इलेक्ट्रॉनच्या जोड्या पार होतात आणि त्या मंडलाचे प्रेरकत्व प्रवाहानुसार बदलते. परिणामी पायऱ्या असमान होतात. ट्रान्समॉन प्रकारच्या क्यूबिटमध्ये दुसरी पायरी पहिलीपेक्षा साधारण २०० ते ३०० मेगाहर्ट्झने ठेंगणी असते. एवढ्या फरकामुळे पहिल्या दोन स्थितींपुरतेच मंडल वापरता येते आणि ते एका वेळी एकच पुंज घेऊ शकते.

याचा पहिला ठोस पुरावा २०१० साली मिळाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील प्रयोगशाळेत आरॉन ओकॉनेल, जॉन मार्टिनिस, अँड्र्यू क्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर अॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये धरून एक अधांतरी पट्टी बनवली. ही पट्टी वर-खाली हलत नाही. ती जाडीत फुगते आणि आकसते, आणि तेही सेकंदाला सुमारे ६ अब्ज वेळा. अॅल्युमिनियम नायट्राइड पिझोइलेक्ट्रिक असल्यामुळे जाडी बदलली की विद्युतदाब निर्माण होतो आणि तो दाब शेजारच्या क्यूबिटपर्यंत पोहोचतो. उपकरण २५ मिलिकेल्विनला नेल्यावर क्यूबिटने कंपकाकडून ऊर्जा घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा घेण्यासारखे तिथे काहीच नव्हते. कंपकातील सरासरी फोनॉनसंख्या ०.०७ पेक्षा कमी असल्याचे त्यांनी दाखवले. पुढे क्यूबिटला एक पुंज देऊन तो कंपकात सोडता आला आणि परतही घेता आला. यातील मार्टिनिस यांना जॉन क्लार्क आणि मिशेल डेव्होरे यांच्यासह २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मात्र विद्युत मंडलातील पुंजयामिक वर्तनावरच्या १९८४-८५ मधील प्रयोगांसाठी. ते प्रयोग झाले नसते तर हा कंपकाचा प्रयोगही झाला नसता.

सदस्यांनी शंका, आक्षेप आणि भर अवश्य घालावी.

ऋजुरेखा

स्पंद, मांडणी आवडली, पण मूळ दाव्यावरच एक प्रश्न आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या लायगोने २०१५ साली मीटरच्या दहाच्या उणे अठराव्या घातापेक्षाही लहान विस्थापन मोजले आणि त्यासाठी त्यांना क्यूबिटची गरज पडली नाही. लेझर आणि आरसे पुरले. विस्थापन इतके सूक्ष्म मोजता येत असेल, तर त्यावरून ऊर्जा काढता येईल आणि ऊर्जेवरून फोनॉनसंख्याही. मग क्यूबिट असे काय देतो, जे लेझर देत नाही?

स्पंद

ऋजुरेखा, प्रश्न अगदी नेमका आहे.

लेझरने किंवा साध्या मायक्रोवेव्ह मंडलाने केलेले मापन रेषीय असते. त्यात बाहेर येणारा संकेत विस्थापनाच्या प्रमाणात असतो. स्थान आणि संवेग यांच्यातील अनिश्चिततेमुळे अशा मापनाला किंमत मोजावी लागते. कार्लटन केव्ह्ज यांनी १९८२ साली दाखवल्याप्रमाणे, आंदोलनाचे दोन्ही घटक वर्धित करणारा कोणताही रेषीय वर्धक स्वतःकडून किमान अर्ध्या पुंजाएवढा नॉइज मिसळतोच. कंपकाच्या स्वतःच्या शून्यबिंदू हालचालीचा (किमान ऊर्जेतही उरणाऱ्या थरथरीचा) अर्धा पुंज आधीच असतो. म्हणजे एकच पुंज शोधायचा आणि मापनातला नॉइजच एका पुंजाएवढा, अशी स्थिती होते. असंख्य वेळा मोजून सरासरी काढली तर वितरणाचा आकार कळतो, पण या एका वेळी कंपकात नेमका एक फोनॉन होता की नाही याचे उत्तर मिळत नाही.

दुसरी बाब यापेक्षा मूलभूत आहे. नेमका एक फोनॉन असलेल्या कंपकाचे सरासरी विस्थापन शून्य असते. दोन असले तरी शून्य, दहा असले तरी शून्य. निश्चित संख्येच्या अवस्थेला आंदोलनाची कला (फेज, म्हणजे आंदोलन आपल्या फेऱ्यात कुठे आहे ते) नसतेच, त्यामुळे पट्टी या क्षणी वर आहे की खाली, या प्रश्नाला तिथे अर्थ उरत नाही. रेषीय मापन नेमका हाच प्रश्न विचारते आणि विचारता विचारता संख्येची अवस्था मोडते. क्यूबिटद्वारे केलेले मापन ऊर्जेचा प्रश्न विचारते. त्याचा आघात कलेवर होतो. संख्या तशीच राहते, म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो आणि तेच उत्तर मिळायला हवे.

ही कल्पना क्यूबिटच्या कितीतरी आधीची आहे. १९६० च्या दशकात जोसेफ वेबर यांनी गुरुत्वीय लहरींसाठी अॅल्युमिनियमचे मोठे दंडगोल टांगले होते आणि त्यांची कंपन-वारंवारता १६६० हर्ट्झच्या आसपास होती. त्यांनी केलेल्या वेधाच्या दाव्याला इतरांच्या प्रयोगांनी दुजोरा दिला नाही, परंतु त्या निमित्ताने मॉस्कोचे व्लादिमिर ब्रागिन्स्की आणि त्यांचे सहकारी या प्रश्नापर्यंत पोहोचले की एवढ्या मोठ्या दंडगोलाची ऊर्जा त्याच्या पुंजांना धक्का न लावता मोजता येईल का. उत्तर तत्त्वतः होकारार्थी होते, साधन मात्र त्या काळी नव्हते. क्यूबिट हे ते साधन आहे, फक्त ते किलोहर्ट्झऐवजी गिगाहर्ट्झच्या कंपकांसाठी तयार झाले.

मापनशाळा

प्रत्यक्ष मोजणी कशी होते, त्याची थोडी भर घालतो.

पहिली पद्धत म्हणजे क्यूबिटची वारंवारता कंपकाशी जुळवायची. जुळली की पुंज दोघांमध्ये ये-जा करू लागतो. कंपकात एक फोनॉन असताना ही ये-जा ज्या वेगाने होते, त्याच्या दोनाच्या वर्गमुळाएवढ्या पटीने ती दोन फोनॉन असताना होते, तीन असताना तीनाच्या वर्गमुळाएवढ्या पटीने, आणि असेच पुढे. त्यामुळे क्यूबिटच्या आंदोलनांचे पृथक्करण केले की कंपकात किती फोनॉन किती शक्यतेने होते ते उलगडते. या पद्धतीत अडचण अशी की मोजताना फोनॉन कंपकातून काढून घेतला जातो.

दुसरी पद्धत मला अधिक सुंदर वाटते. क्यूबिटची वारंवारता कंपकापासून मुद्दाम दूर ठेवायची. आता ऊर्जेची देवाणघेवाण होत नाही, पण एकमेकांच्या अस्तित्वाची जाणीव उरते आणि कंपकातील प्रत्येक फोनॉनमागे क्यूबिटची वारंवारता ठरावीक अंतराने सरकते. उदाहरणापुरते हे अंतर १ मेगाहर्ट्झ धरू. क्यूबिटला एका लहान मायक्रोवेव्ह स्पंदाने दोन्ही स्थितींच्या समान अध्यारोपणात (एकाच वेळी दोन्हींत असण्याच्या अवस्थेत) आणायचे, ५०० नॅनोसेकंद तसेच सोडायचे आणि मग दुसरा स्पंद द्यायचा. फोनॉन नसेल तर क्यूबिट ठरलेल्या एका स्थितीत संपतो. एक फोनॉन असेल तर मधल्या काळात त्याची कला बरोबर अर्ध्या फेऱ्याने पुढे गेलेली असते आणि तो विरुद्ध स्थितीत संपतो. दोन असतील तर पूर्ण फेरा होऊन तो पहिल्या जागी येतो. म्हणजे एकाच वेळच्या मापनात फोनॉनसंख्या सम आहे की विषम, हे कळते, आणि फोनॉन कंपकातच राहतो.

हे घडण्यासाठी एक अट कठोरपणे पाळावी लागते. एका फोनॉनमुळे होणारे सरकणे हे क्यूबिट आणि कंपक या दोघांच्याही रेषारुंदीपेक्षा (त्यांच्या वारंवारतेच्या अस्पष्टतेपेक्षा) मोठे हवे. वरच्या उदाहरणात ५०० नॅनोसेकंदांच्या प्रतीक्षेत क्यूबिटने आपली कला हरवता कामा नये. अट पाळली गेली की क्यूबिटच्या वर्णपटात एका शिखराऐवजी समान अंतरावर अनेक शिखरे दिसतात: शून्य फोनॉनचे, एकाचे, दोनांचे. २०१९ साली स्टॅनफर्डच्या अमीर सफवी-नैनी यांच्या गटाने लिथियम नायोबेटच्या नॅनोकंपकांवर आणि कोलोराडोतील जिला संस्थेच्या कॉनराड लेनर्ट यांच्या गटाने पृष्ठभागावरील ध्वनिलहरींवर अशी वेगवेगळी शिखरे दाखवली. त्यांकडे पाहिल्यावर कंपनाची ऊर्जा पायऱ्यांनी वाढते हे वाक्य पुस्तकातून बाहेर येऊन आलेखाच्या कागदावर उभे राहते.

पडद्यावर काय दिसते तेही सांगतो. क्यूबिटची स्थिती वाचण्यासाठी त्याच्या शेजारी आणखी एक मायक्रोवेव्ह अनुनादक असतो. त्यावर एक स्पंद पाठवतात आणि परतलेल्या संकेताची उंची व कला प्रतलावर एका ठिपक्याने मांडतात. हाच क्रम हजारो वेळा केला की ठिपक्यांचे दोन ढग तयार होतात, एक क्यूबिटच्या खालच्या स्थितीचा आणि दुसरा वरच्या. ढग एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असतील तर एकेका ठिपक्यावरून निर्णय घेता येतो. त्यांच्या कडा एकमेकांत मिसळत असतील तर मापनाची विश्वासार्हता तिथेच घसरते आणि कंपक कितीही उत्तम असला तरी उपयोग होत नाही.

भूतरंग

मी भूकंपमापनाशी संबंधित काम करतो, त्यामुळे माझा प्रश्न व्यावहारिक आहे. एकेका पुंजापर्यंत संवेदनशीलता पोहोचली असेल, तर जमिनीची, इमारतींची किंवा यंत्रांची कंपने मोजण्यासाठी हे तंत्र का वापरले जात नाही? दुसरे असे की रेफ्रिजरेटरचे पंप आणि शीतक स्वतःच थरथरतात. त्यांचा या मापनावर परिणाम होत नाही का?

स्पंद

भूतरंग, याचे उत्तर वारंवारतेत आहे. जमिनीची कंपने एका हर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे असतात आणि त्यांचा एकेक पुंज इतका लहान असतो की कोणत्याही साध्य तापमानाला तिथे पुंजांची प्रचंड गर्दी असणार. वेबर यांच्या १६६० हर्ट्झच्या दंडगोलाला १० मिलिकेल्विनपर्यंत थंड केले तरी त्यात औष्णिक हालचालीचे सुमारे सव्वा लाख फोनॉन उरतात. तुमच्या क्षेत्रात संकेत या गर्दीपेक्षा खूप मोठा असतो, म्हणून साधे भूकंपमापक तिथे उत्तम काम करतात आणि एकेक पुंज मोजून तुम्हाला काही नवे कळणार नाही.

शीतकाच्या थरथरीबाबतही तेच. पल्स ट्यूब शीतकाचे ठोके सेकंदाला एक-दीड एवढ्या संथ गतीचे असतात आणि ५ गिगाहर्ट्झच्या कंपकाला ते थेट जाणवत नाहीत, कारण वारंवारतांमध्ये अब्जावधी पटींची दरी आहे. आडमार्गाने मात्र त्रास होतो. केबल हलून त्यांत विद्युत नॉइज निर्माण होतो, चिपवरचे चुंबकीय क्षेत्र किंचित डुलते आणि क्यूबिटची वारंवारता भटकते. म्हणून शीतक आणि नमुन्याची थाळी यांच्यात लवचीक तांब्याच्या वेण्यांची जोडणी ठेवतात, जेणेकरून उष्णता जाईल आणि धक्के कमी पोहोचतील.

मापनशाळा

या उत्तराला एक पुरवणी जोडतो, कारण गिगाहर्ट्झ आणि हर्ट्झ यांच्या मध्ये मोठा पट्टा आहे आणि तिथेच सध्या रोचक काम चालले आहे. काही मेगाहर्ट्झने डोलणाऱ्या पातळ पटलांचे आणि तारांचे वस्तुमान व हालचाल दोन्ही तुलनेने मोठी असते, त्यामुळे बल मोजण्यासाठी त्या अधिक उपयुक्त ठरतात. अडचण अशी की ५ मेगाहर्ट्झच्या पटलात १० मिलिकेल्विनलाही सुमारे ४० फोनॉन असतात, म्हणजे आधी ते निराळ्या उपायाने आणखी थंड करावे लागते, आणि क्यूबिटची नेहमीची वारंवारता पटलाच्या हजार पट असल्यामुळे पुंजांची सरळ अदलाबदल होत नाही.

यावर काही मार्ग निघाले आहेत. कॅलटेकच्या गटाने २००९ साली ५८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा नॅनोकंपक विद्युतदाब देऊन कूपर-जोडी पेटी या प्रकारच्या क्यूबिटशेजारी ठेवला आणि क्यूबिटच्या स्थितीनुसार कंपकाची वारंवारता सरकते हे दाखवले. तिथे कंपक क्यूबिटला मोजत होता, पण जोड तोच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गटाने लटकती तार ट्रान्समॉनच्या अतिवाहक वळ्याचाच भाग बनवली, त्यामुळे चुंबकीय क्षेत्रात तार हलली की वळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषांची संख्या बदलते आणि क्यूबिटची वारंवारता सरकते. पॅरिसमधील गटाने उलट दिशेने जाऊन क्यूबिटच खाली आणला आहे. फ्लक्सोनियम प्रकारच्या त्यांच्या क्यूबिटची वारंवारता १.८ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे पटलाशी अनुनाद साधण्याइतकी कमी. एवढ्या कमी वारंवारतेचा क्यूबिट औष्णिक गोंधळात बुडालेला असतो, म्हणून प्रत्येक मापनाआधी त्याला मायक्रोवेव्हने थंड करून शुद्ध स्थितीत आणावे लागते. मला हा मार्ग फार आश्वासक वाटतो.

निकष

मला एक मूलभूत शंका विचारायची आहे. क्यूबिटला फक्त विद्युत संकेत कळतो. चिपभोवतीच्या धातूच्या पेटीत भटकी विद्युतचुंबकीय कंपने असतातच, आणि पदार्थांतील दोषही क्यूबिटशी पुंजांची देवाणघेवाण करतात. मग समोर आलेला पुंज स्फटिकाच्या कंपनाचाच आहे, हे कशावरून? शोधनिबंधात फोनॉन लिहिले म्हणून तो फोनॉन, एवढ्यावर मी समाधान मानू शकत नाही.

स्पंद

निकष, ही शंका या क्षेत्रातल्या प्रत्येक प्रयोगाला विचारली पाहिजे आणि चांगले गट ती स्वतःच विचारतात. निर्णायक पुरावा ध्वनीच्या वेगातून मिळतो. घन पदार्थात ध्वनी सेकंदाला काही किलोमीटर वेगाने जातो, तर विद्युतचुंबकीय लहर त्याच्या हजारो पट वेगाने.

येल विद्यापीठात यिवेन चू, रॉबर्ट शोलकॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली नीलमणी स्फटिकाच्या चकतीत उभी ध्वनिलहर तयार केली. अशा चकतीत अनुनाद एकच नसतो, त्यांची रांग असते आणि लगतच्या दोन अनुनादांमधले अंतर ध्वनीचा वेग भागिले जाडीची दुप्पट एवढे असते. सुमारे ०.४ मिलिमीटर जाडी आणि सेकंदाला ११ किलोमीटर वेग धरला तर हे अंतर १३-१४ मेगाहर्ट्झ येते. प्रयोगात क्यूबिटची वारंवारता हळूहळू सरकवत नेल्यावर अशाच समान अंतरांवर एकामागून एक अनुनाद लागले. विद्युतचुंबकीय लहरीला एवढ्या दाट अंतरांवर अनुनाद द्यायचे तर काही मीटर लांबीची पोकळी लागली असती. ती चिपवर कुठे असणार? पदार्थातील दोषांचे अनुनाद तर कुठेही, कसेही विखुरलेले असतात. ते अशी शिस्तबद्ध रांग लावत नाहीत.

दुसरा पुरावा प्रवासाच्या वेळेचा. शिकागो विद्यापीठात क्लेलंड यांच्या गटाने २०१९ साली दोन क्यूबिट पृष्ठभागावरील ध्वनिलहरींच्या सुमारे २ मिलिमीटर लांबीच्या मार्गाने जोडले. एका क्यूबिटने फोनॉन सोडला की तो पोहोचायला अर्धा मायक्रोसेकंद लागतो, कारण लिथियम नायोबेटच्या पृष्ठभागावर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर आहे. विद्युतचुंबकीय गळती असती तर ती काही पिकोसेकंदांत पोहोचली असती. त्या मधल्या काळात दोन्ही क्यूबिट रिकामे असतात आणि पुंज केवळ स्फटिकाच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या लहरीत असतो. त्याच मार्गाने त्यांनी दोन क्यूबिटांमध्ये पुंजयामिक गुंतवणही (एन्टँगलमेंट, म्हणजे दोघांच्या स्थिती एकमेकींत बांधल्या जाणे) निर्माण केली.

निकष

प्रवासाच्या वेळेचा युक्तिवाद मला पूर्ण पटला. त्याला जोडून विचारतो. एवढे मोजता येत असेल तर या कंपकांच्या आयुष्याचे काय? फोनॉन मोजून होण्याआधीच विरून जात असेल तर सगळेच व्यर्थ.

मापनशाळा

या विषयाचे खरे दुखणे तेच आहे. २०१० च्या कंपकात फोनॉन सुमारे ६ नॅनोसेकंद टिकत असे. २०१७ च्या येलच्या चकतीत तो १० मायक्रोसेकंदांहून अधिक टिकला, म्हणजे सात वर्षांत हजार पटींहून जास्त सुधारणा झाली. दुसरीकडे, कॅलटेकमध्ये ऑस्कर पेंटर यांच्या गटाने २०२० साली सिलिकॉनचा ५ गिगाहर्ट्झचा नॅनोकंपक सुमारे १.५ सेकंद टिकवून दाखवला. त्याच्याभोवती छिद्रांची अशी जाळी होती की त्या वारंवारतेच्या ध्वनीला बाहेर पडायला वाटच राहत नाही.

मग सगळेच सिलिकॉन का वापरत नाहीत? कारण सिलिकॉन पिझोइलेक्ट्रिक नाही, त्यामुळे त्याचे कंपन क्यूबिटला सहजासहजी कळत नाही. पिझोइलेक्ट्रिक थर लावला की क्यूबिटशी जोड घट्ट होतो, पण त्याच थरातून, त्याच्या सीमांवरून आणि धातूच्या पत्र्यांतून ऊर्जा गळू लागते. जोड घट्ट करावा तर आयुष्य घटते आणि आयुष्य वाढवावे तर जोड सैल होतो. अलीकडे सिलिकॉनच्या कंपकाला पिझोइलेक्ट्रिक थराशिवाय, केवळ स्थिर विद्युतदाबाने जोडण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते याच कोंडीतून बाहेर पडण्यासाठी आहेत.

आणखी एक अडथळा असा की ऑक्साइडच्या अनियमित थरांमध्ये काही अणू दोन जागांमध्ये डळमळत असतात आणि ते क्यूबिट व कंपक या दोघांकडूनही पुंज शोषून घेतात. उच्च तापमानाला हे दोष आधीच भरलेले असल्यामुळे कमी शोषतात. तापमान उतरले आणि संकेत एका पुंजाइतका क्षीण झाला की ते पूर्ण ताकदीने शोषू लागतात. म्हणजे हे मापन ज्या परिस्थितीत करायचे, तीच त्या दोषांना सर्वांत अनुकूल असते. यावरचा इलाज पदार्थविज्ञानाकडेच आहे: स्वच्छ पृष्ठभाग, स्फटिकी थर आणि दोषयुक्त पदार्थाचे कमीत कमी आकारमान. क्यूबिट एका चिपवर आणि कंपक दुसऱ्या चिपवर बनवून, दोन्ही समोरासमोर काही मायक्रोमीटर अंतरावर आणण्याची पद्धतही याचसाठी रूढ झाली, कारण मग प्रत्येक चिप आपापल्या पदार्थाला मानवणाऱ्या रीतीने घडवता येते.

ऋजुरेखा

मोठ्या वस्तुमानाच्या अध्यारोपणाचा प्रयोग याच चकत्यांवर झाला ना? त्याबद्दल कुणी लिहिले तर बरे होईल.

स्पंद

होय. झुरिकच्या ईटीएच संस्थेत यिवेन चू यांच्या गटाने २०२३ साली नीलमणीच्या चकतीतील कंपन एकाच वेळी दोन विरुद्ध कलांमध्ये असल्याची अवस्था क्यूबिटच्या साहाय्याने तयार केली. त्या कंपनात सहभागी वस्तुमान १६ मायक्रोग्रॅम होते, म्हणजे सुमारे १० चा १७ वा घात इतके अणू. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वस्तुमान मोठे असले तरी ते अणू हलतात फारच थोडे, एका प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी कमी. त्यामुळे दृश्य वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणी असल्याचे वर्णन अतिरंजित ठरेल. पण मोठ्या वस्तुमानाला पुंजयामिकी आपोआप लागू पडेनाशी होते असे सांगणारे जे सिद्धांत आहेत, त्यांना तपासण्यासाठी वस्तुमान, अंतर आणि अवस्था टिकण्याचा काळ या तिन्हींचा हिशेब लागतो आणि त्यातला वस्तुमानाचा हिस्सा या प्रयोगांनी चांगलाच पुढे नेला आहे.

ही अवस्था खरोखर तयार झाली हे सिद्ध करण्यासाठी, वर मापनशाळा यांनी सांगितलेले सम-विषमतेचे मापनच वापरले जाते. कंपकाला निरनिराळ्या दिशांना ढकलून प्रत्येक वेळी फोनॉनसंख्या सम आहे की विषम ते तपासले की अवस्थेचा संपूर्ण नकाशा हाती येतो. त्या नकाशात काही जागी ऋण मूल्ये आली की कोणत्याही अभिजात (पुंजयामिकीपूर्व भौतिकशास्त्रातील) कंपनाने त्याची उपपत्ती लावता येत नाही.

भूतरंग

मापक म्हणून याचा उपयोग नक्की कुठे होईल, हे मला अजून हवे आहे. अतिशय क्षीण संकेताची वाट पाहत बसायचे असेल तर खोट्या नोंदींचे प्रमाण हाच निर्णायक आकडा असतो.

मापनशाळा

भूतरंग, आपण योग्य जागी बोट ठेवले. क्यूबिट कधी कधी आपणहून वरच्या स्थितीत जातो, कधी वाचनात चूक होते आणि त्या क्षणी फोनॉन नसतानाही असल्याची नोंद होते. इथे, संख्या न बिघडवता मोजण्याचा गुण उपयोगी पडतो. समजा फोनॉन १०० मायक्रोसेकंद टिकतो आणि सम-विषमतेच्या एका मापनाला ५ मायक्रोसेकंद लागतात. मग तोच फोनॉन विरण्याआधी साधारण वीस वेळा तपासता येतो. एका मापनात चुकण्याची शक्यता ५ टक्के असेल आणि चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर सलग तीन वेळा खोटी नोंद होण्याची शक्यता दहा हजारांत सव्वाच्या आसपास येते, आणि सहा वेळांनंतर ती दहा कोटींत एक-दोन इतकी उतरते. कृष्णद्रव्याच्या एका संभाव्य प्रकाराच्या शोधात शिकागो व फर्मीलॅबच्या संशोधकांनी २०२१ साली मायक्रोवेव्ह फोटॉनसाठी नेमकी हीच युक्ती वापरली आणि फोनॉनसाठीही ती जशीच्या तशी लागू पडते.

वेबर यांच्या दंडगोलांचा धागाही इथे पुन्हा जुळतो. इगॉर पिकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली असा प्रस्ताव मांडला की मोठा दंडगोल किमान ऊर्जेच्या अवस्थेत नेऊन त्याच्या ऊर्जेची अशी अखंड तपासणी केली आणि लायगोने लहर नोंदवली त्याच क्षणी दंडगोलाने एक पायरी चढलेली दिसली, तर गुरुत्वीय लहरीतून एकच पुंज शोषला गेल्याचे ते लक्षण ठरेल. दंडगोलांची वारंवारता क्यूबिटच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे हे काम क्यूबिटने जसेच्या तसे होणार नाही, पण एकेक पायरी ओळखण्याची रीत लहान कंपकांवर क्यूबिटनेच सिद्ध करून दाखवली आहे.

स्पंद

खोट्या नोंदींच्या हिशेबात एक प्रकार वेगळा काढावा लागेल, तो म्हणजे उष्णतेमुळे आलेला फोनॉन. तो खराच फोनॉन असतो, त्यामुळे वीस वेळा तपासला तरी वीसही वेळा तो असल्याचेच उत्तर येणार. त्याला आळा घालण्याचा मार्ग एकच, कंपक अधिक थंड ठेवणे. रेफ्रिजरेटरच्या थाळीवरचा तापमापक २० मिलिकेल्विन दाखवतो म्हणून चिपवरचा कंपकही २० वर असतो असे गृहीत धरता येत नाही. केबलमधून उतरणारी उष्णता, गाळण्यांतून निसटणारे किरण आणि खुद्द वाचनाचे स्पंद त्याला तापवत असतात. ५ गिगाहर्ट्झच्या कंपकाचे खरे तापमान २० ऐवजी ५० मिलिकेल्विन निघाले, तर त्यातील सरासरी फोनॉनसंख्या दहा लाखांत सहावरून हजारात आठवर जाते. भूतरंग, मापक म्हणून हे उपकरण तपासताना मी पहिला आकडा हाच मागेन, आणि तोही थाळीवरचा नव्हे, तर कंपकाच्या फोनॉनसंख्येवरून काढलेला.